खिडकीतली आमरी

वनखात्याच्या कचेरीतले ते कारकून आमच्या अर्जांवर न वाचताच शिक्का मारतात. पण खिडकीतल्या आमरीवर, म्हणजे रानातल्या ऑर्किडवर, दिवसातून तीनदा पाणी फवारतात. ती त्यांनी सालीच्या तुकड्यावर बांधली आहे. "मातीत लावली का मेली, भाऊ. हिले जुनंच झाड लागते," असं येईल त्याला सांगतात.

काल खाणीला द्यायच्या आमच्या टेकडीचा पाहणी अहवाल हाती आला. अक्षर त्यांचंच : झुडपी जंगल, मोठी झाडे नाहीत.

मी तडक कचेरी गाठली. "मंग ही आमरी कुठून आनली?"

"त्याच टेकडीवरून. जुन्या मोहाच्या झाडावर होती."

"अन् लिवलं झुडपी?"

"साहेबाले तसंच पायजे होतं." ओल्या फडक्यानं ते पानं पुसत राहिले. "म्हनून तं हिले घेऊन आलो. तिथं आता वाचते का?"

एक ओळ खरी लिहिली असती, तर तिला मोहावरून उतरवावंच लागलं नसतं.