मोगऱ्यात शिकलेली शीर

आज मुलाखतीला आलेल्या मुलीच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास आला आणि मला माझी मुलाखत आठवली. नर्सिंग नुकतंच संपलं होतं. वसईच्या त्या दवाखान्यात मेट्रनबाईंनी मला थेट सलाइन लावायला सांगितलं. खाटेवरची आजी हसली, "बाय, माजी शीर कुनालाच गावत नाय."

खरंच दिसत नव्हती. मी डोळे मिटून तिचा हात चाचपला. भुईगावच्या आमच्या मोगऱ्याच्या वाडीत पहाटेच्या अंधारात आम्ही भरलेली कळी बोटांनीच ओळखायचो. शीरही तशीच टपोरी लागली. मग डोळे उघडून सुई घातली, ती पहिल्याच खेपेला बसली.

"कुठे शिकलीस गं हे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"आमच्या मोगऱ्यात," मी बोलून गेले. वाटलं, गेली नोकरी.

आज मेट्रनच्या त्याच खुर्चीत मी आहे. त्या मुलीलाही सलाइन लावायला दिलं आणि म्हटलं, "आधी डोळे मिट."