नमस्कार खोडला तेव्हा

जुन्या पेटीतलं पत्र उलगडलं आणि शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे चार कण बोटांना लागले. कल्याणच्या मामलेदार कचेरीत ज्या अव्वल कारकुनांनी मला काम शिकवलं, त्यांचं हे पत्र. मी हाताखालचा, म्हणून त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर ‘आशीर्वाद’ असे. पुढे मीही ठाण्याला अव्वल कारकून झालो आणि त्यांचं पहिलंच पत्र आलं, त्यावर ‘साष्टांग नमस्कार’! माझं काही चुकलं की काय, या धास्तीने पत्र घेऊन मी रविवारी आगगाडीने कल्याण गाठलं. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “अहो, आता तुम्ही बरोबरीचे. आशीर्वाद लिहिणं शोभेल का?” “मला अहो म्हणू नका, आणि ही बरोबरीही नको,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. त्यांनी हसत बोरू घेतला, नमस्कार खोडला, वर ठसठशीत ‘आशीर्वाद’ लिहिला आणि वाळू भुरभुरली. “लगेच घडी नको घालूस, वेड्या, ओलं आहे अजून.” आता सगळेच मला साष्टांग नमस्कार लिहितात, आशीर्वाद लिहिणारं कोणी उरलं नाही. या कागदाची घडी मात्र मी अजून हलक्या हातानेच घालतो.