डाव्या काडीचा बाक

माझे पती गेल्यावर, दिवस उरकताच, धाकट्या नणंदेने त्यांचे कपडे वाटून टाकले. रीतच होती. त्यांचा चष्मा मात्र आधीच काढून माझ्या पर्समध्ये ठेवला होता. त्यात माझ्या नंबरच्या काचा बसवून घ्यायला निघाले, तेव्हा तिने मला दारातच अडवलं.

"गेलेल्या माणसाचा चष्मा डोळ्याला लावणार व्हय वैनी? मोठ्या कंपनीचा हाय म्हणून पायजे असंल, तर तसलाच नवा आणून देते की."

कंपनी मोठी, परदेशी, हे खरं. मंगळवार पेठेत आमचं दुधाचं दुकान, आणि पहाटे कॅन उतरवणाऱ्या या माणसाला त्या एका नावाचं भारी वेड. आधी अत्तराची बाटली आली, मग पट्टा, मग हा चष्मा. मोजक्याच लोकांकडे असतं हे, असं ते सगळ्यांना सांगत. मी कॉलेजात ग्रंथपाल. एकाच प्रकाशनाचं एक पुस्तक आम्ही कुलपात ठेवतो आणि दुसरं रद्दीच्या दुकानात ढिगाने मिळतं, हे मला रोजच दिसायचं. नाव एक असलं म्हणून वस्तू सारखीच दुर्मीळ नसते, असं मी म्हणायचे. ते हसण्यावारी न्यायचे.

एकदा मुंबईत त्यांनी मला त्या कंपनीच्या दुकानात नेलं. माझ्यासाठी बॅग घ्यायची होती. दारावर रखवालदार, आत आमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही. तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत सांगितलं की ती बॅग अशी लगेच मिळत नाही, आधी इतर वस्तू घेऊन दुकानाशी ओळख वाढवावी लागते, मग वाट पाहावी लागते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "गाभण म्हैस घ्यायची म्हटली तरी एवढं थांबवत न्हाईत." त्याच इमारतीत तळमजल्यावर, त्याच नावाचं अत्तर एक मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मनगटावर फुकट फवारत होता. यांनी दोन्ही मनगटं पुढे केली.

मग हातकणंगल्यात एका लग्नात, आमच्याच पंगतीत, तेच नाव आणखी काही नाकांवर दिसलं. काही चष्मे खरे असतील, काही फुटपाथवरचे. त्यांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला.

माझं मत तेव्हाही पक्कं होतं, आजही आहे. कंपनी दुर्मीळपणा बॅगेसाठी आणि घड्याळासाठी राखून ठेवते आणि त्याच्या जोरावर अत्तर, पट्टे, चष्मे हव्या त्याला विकते.

नणंदेला न जुमानता मी गेले, तेव्हा चष्म्याच्या दुकानदाराने ते नकळत सिद्ध केलं. त्याने ट्रे काढला, त्यात तेच नाव ओळीने मांडलेलं. यातला नवा घ्या म्हणाला. मी आमचाच पुढे केला. त्याने तो माझ्या डोळ्यांवर चढवला, तर एका बाजूला कलला. त्याला लगेच आठवलं. तालमीत यांचा डावा कान मोडला होता, पुरीसारखा फुगून तसाच घट्ट झाला होता. नवी काडी त्यावर टेकेना, म्हणून यानेच ती गरम करून वाकवून दिली होती. आता सरळ करतो, म्हणत त्याने ती हीटरपाशी नेली.

मी त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी कुणा परक्याचा हात धरला नव्हता.

तो समजावत राहिला. चष्मा कलला तर काचेतला वाचायचा भाग एका डोळ्याला वर जाईल, दुसऱ्याला खाली, डोकं दुखेल.

"मग काचा तशा कापा," मी म्हटलं. "काडीला हात लावू नका."

त्याने थोडा विचार केला. चष्मा पुन्हा मला घालायला लावून, समोर बघा म्हणाला आणि स्केचपेनने काचांवर एकेक ठिपका दिला, एक वर, एक खाली.

"होईल," तो म्हणाला. "पण मॅडम, ह्यो चष्मा आता दुसऱ्या कुणाच्या उपेगाचा न्हाय."

तयार झाल्यावर तो घालूनच घरी आले. नणंद भाजी निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"वाकडा बसलाय की."

मी काढून तिच्या हातात दिला. नाव कुठे लिहिलंय ते तिने पाहिलंच नाही. डाव्या काडीच्या बाकावरून अंगठा फिरवत राहिली. लहानपणी भावाचा तोच कान धरून ती त्याच्या खांद्यावर बसत असे.

"मग नवा न्हाय आणत," ती म्हणाली आणि आपल्या हाताने तो माझ्या डोळ्यांवर चढवला.