पत्नीच्या हाताखालची वकिली

हेवा आणि मत्सर हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे, आणि वर्गात शिकवताना मी तो नेहमी स्पष्ट करीत असे. समोरच्याजवळ आहे ते आपल्याजवळही असावे, असे वाटणे म्हणजे हेवा. समोरच्याजवळ ते असूच नये, असे वाटणे म्हणजे मत्सर. माझ्या पत्नीच्या वकिलीबाबत पहिला आरोप मला मान्य आहे. दुसऱ्याबाबत मी संशयाचा फायदा मागतो.

मी काळेवाडीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि नागरिकशास्त्र शिकवीत होतो. कायद्याचा अभ्यास करावा ही कल्पना माझी. मुलांना संविधान शिकवणाऱ्याला कायदा नीट यावा, एवढाच माझा हेतू होता. पत्नी त्या वेळी घरी शिलाईकाम करीत असे. तिची पदवी झालेली होती, म्हणून मीच म्हणालो, "चल, तूही नाव घाल. सोबत होईल." संध्याकाळच्या वर्गाला आम्ही एकाच स्कूटरवरून जात होतो. पुरावा कायदा तिला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवला. कलमांचे तक्ते मी करायचो, आणि ती त्या तक्त्यांवर डोके टेकून झोपायची. मला पहिला वर्ग मिळाला, तिला दुसरा. वकिलीत उतरल्यावर हे कोणी विचारत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

पगारी नोकरीत असणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे सनद घेतली तिने. मी निवृत्त होईपर्यंत थांबायचे ठरवले, आणि घर माझ्या पगारावर चालत राहिले. निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि तो बरोबर होता. मात्र बरोबर निर्णयाचाही माणसाला पुढे त्रास होऊ शकतो, हे मला शिकावे लागले.

तिचे नाव कसे वाढत गेले ते मी अगदी जवळून पाहिले. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी बायकांची दुसरी शिफ्ट सुटली की अंधारात मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावे लागायचे. कंपनीने त्यांच्यासाठी गाडी ठेवावी म्हणून ती लढली, आणि गाडी सुरू झाली. पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीची जमीन बिल्डर नावावर करून देत नव्हता. ते प्रकरण तिने शेवटास नेले. मशीनमध्ये बोटे गमावलेल्या एका कामगाराला तिने भरपाई मिळवून दिली, आणि त्याची आई आमच्या दारात येऊन पत्नीची दृष्ट काढून गेली. मी दार उघडले होते. मला ती म्हणाली, "बाजूला व्हा भाऊ, मॅडम कुठं हायत?"

ज्या गल्लीत मी 'सर' होतो, तिथे हळूहळू मी 'मॅडमचे मिस्टर' झालो. रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागलो की तो मध्येच म्हणायचा, "मॅडमच्या घराशेजारी ना?" मी म्हणायचो, "घराशेजारी नाही. घरीच."

निवृत्त झालो आणि सनद घेतली. त्याच हिवाळ्यात आमच्या विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. आमच्या वर्गातल्यांनी काय काय मिळवले याची मला बातम्यांवरून कल्पना होती. पण बातमी एकेक करून येते आणि मेळाव्यात ती सगळी एका रांगेत खुर्च्यांवर बसलेली असते. शेवटच्या बाकावर बसणारा एक जण न्यायाधीश झाला होता. करार कायद्यात दोनदा नापास झालेला दुसरा माण गावाजवळच्या एका मोठ्या आयटी कंपनीचे करार तपासत होता, आणि ते काम चांगले करीत होता, असे सगळे सांगत होते. तिसरा चाकणकडचा, जमिनी गेलेल्या गावकऱ्यांना वाढीव मोबदला मिळवून देऊन तो आता गावोगावच्या सभांना जात होता. समाजकार्यासाठी सत्कार झाला तो माझ्या पत्नीचा.

सूत्रसंचालक आमचाच वर्गमित्र. तो माइकवरून म्हणाला, "मॅडमच्या यशामागं आमच्या सरांचा हात आहे. सर, जरा उभे राहा की!" मी उभा राहिलो. टाळ्या झाल्या. मग तो म्हणाला, "बसा, बसा. आता मॅडम बोलतील."

ती छान बोलली. टेबलावरच्या तक्त्यांचा उल्लेख तिने केला, माझे आभार मानले. लोक हसले ते प्रेमाने हसले. मला मात्र मी एखाद्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात छापला गेलो आहे असे वाटत राहिले.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "आता सनद आहे तुमच्याकडं. माझ्या ऑफिसात या ना. दुसरं टेबल रिकामंच आहे."

"तुझा ज्युनिअर म्हणून?"

"मग काय, हेडमास्तर म्हणून?"

मी म्हणालो की मी माझे अशील स्वतः मिळवीन. पहिले प्रकरण माझ्या नावाने येईपर्यंत मी तिच्या टेबलाला हात लावणार नाही. तिने खिडकीबाहेर पाहिले आणि हसू दाबले. ते मला काचेत दिसले.

अनेक आठवडे गेले. तिचे ऑफिस घराच्या पुढच्या खोलीतच होते. दाराची घंटा वाजली की मी शर्टाची कॉलर नीट करायचो, आणि प्रत्येक जण विचारायचा, "मॅडम आहेत का?" मला फक्त एक माणूस हवा होता. त्याने मला शोधत यावे, माझ्यासमोर बसावे आणि म्हणावे, माझे काम तुम्ही चालवा. यापेक्षा अधिक मी काही मागत नव्हतो.

आणि एके दिवशी तसा माणूस आला. माझा जुना विद्यार्थी. काळेवाडीच्या मुख्य रस्त्यावर त्याचे गॅरेज आहे. त्याच्या वडिलांपासूनची भाड्याची जागा. दारातच त्याने सलाम केला आणि विचारले, "सर हायत का?" आणि मग स्वतःच म्हणाला, "काय राव मी पण, सर तर समोरच उभे हायत!"

मी त्याला बसवले. पत्नी कोर्टात होती. जागामालक गेल्या आठवड्यापासून येऊन धमकावत होता: जागा सोड, नाहीतर कुलूप ठोकतो.

"सर, तुमी मला नववीत गणितात नापास केलं होतं. आता कोर्टात तेवढं पास करा."

"ते गुण तुझे तूच मिळवले होतेस," मी म्हणालो. "पण हे प्रकरण सोपे आहे. नीट ऐक."

मी त्याला समजावून सांगितले. भाडेकरू म्हणजे कोण. ताबा आणि मालकी यांत फरक काय. कायद्याने दिलेल्या मार्गाखेरीज ताबा का घेता येत नाही. मनाई हुकूम कायमचा कोणता आणि तात्पुरता कोणता. कागदावर आकृती काढून दाखवली. मध्ये मी त्याला प्रश्न विचारले आणि त्याने बरीच उत्तरे बरोबर दिली. चहा दोनदा झाला. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता.

शेवटी मी पेन खाली ठेवले आणि विचारले, "काही शंका?"

तो जरा घुटमळला. "न्हाई सर, एकदम क्लिअर झालं. तुमी सांगितल्यावर डोक्यात बसतंच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, मॅडम कधी येतील?"

पत्नी आल्यावर तिने त्याला दहाच मिनिटे दिली. विचारले ते असे: गॅरेजच्या आत आत्ता काय काय आहे, आणि रात्री तिथे कोण झोपते. तो गेल्यावर तिने वकीलपत्र माझ्यासमोर सरकवले. तिच्या नावाखाली माझे नाव घालण्यापुरती जागा होती.

"तुमचा विद्यार्थी आहे. दोघांच्या नावानं दाखल करू."

"तो तुझ्याकडे आला होता."

"अहो, तो सर कुठायत म्हणत आला होता ना?"

"मग मॅडम कधी येतील म्हणाला."

तिने डोक्याला हात लावला. "किती मोजून ठेवता हो तुम्ही!"

मी सही केली. गॅरेज वाचायला हवे होते, आणि दोन वकील असणे केव्हाही सोयीचे. मी ही कारणे तिला सांगितली. तिने मान डोलावली आणि वकीलपत्र फायलीत घातले.

दावा दाखल झाला. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर युक्तिवाद ठरला त्या दिवशी तिला पुण्याच्या कामगार न्यायालयात एका साक्षीदाराने अडकवून ठेवले. मी पिंपरीच्या न्यायालयात होतो. हातात माझे टिपण होते: मुद्दे, उपमुद्दे, प्रत्येकाला कलम, आणि समोरच्याने काय म्हटले तर काय म्हणायचे. तिचा फोन आला तेव्हा पुकारा व्हायला थोडाच वेळ होता.

"मला पोचता येत नाही. तुम्ही उभे राहा. वाद घालायचा नाही. तारीख मागा, आणि तोवर जैसे थे मागा. समोरचा वकील ओरडेल. ओरडू द्या. तो थांबला की सांगा, आत गिऱ्हाइकांच्या गाड्या आहेत. बास."

"आणि माझे मुद्दे?"

"ते जेवताना मला सांगा."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात काय आले ते लपवण्यात अर्थ नाही. माझे मुद्दे तयार होते. वादच घातला आणि जिंकलो, तर ते प्रकरण माझे. माझा विद्यार्थी मागच्या बाकावर बसला होता, आणि त्याच्या हाताच्या नखांत धुऊनही न गेलेले ऑइल होते. हरलो तर त्याच्या दाराला संध्याकाळी कुलूप लागणार होते. मी टिपण पुन्हा चाळले. गिऱ्हाइकांच्या गाड्या त्यात होत्या. पण वस्तुस्थितीच्या भागात, अगदी खाली, एका ओळीत.

पुकारा झाला. मी उभा राहिलो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. "वादीतर्फे आपण?"

अशा वेळी काय बोलायचे त्याची एक ठरलेली रीत आहे. ज्येष्ठ वकील दुसऱ्या न्यायालयात असतील तर कनिष्ठाने तसे सांगून वेळ मागायचा. विशीतली मुले ते वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणतात. माझे केस पांढरे आहेत. मी म्हणालो, "माझ्या सीनिअर पुण्याच्या न्यायालयात गुंतल्या आहेत."

वकिलांच्या बाकांवर कोणीतरी खोकले. त्या बाकांवरच्या बहुतेकांना माझ्या सीनिअर कोण ते ठाऊक होते. मागून एक जण हळूच म्हणाला, "घरी पण त्याच सीनिअर," आणि बाकीचे फायलींत तोंड घालून हसले.

मी तारीख मागितली आणि तोवर जैसे थे, म्हणजे ताबा आहे तसाच राहावा, असे मागितले. समोरचा वकील उठलाच. "साहेब, अर्ज यांचा, घाई यांची, तारीखही यांनाच हवी, आणि वर जैसे थेही हवं! वाद घालायची तयारी नाही तर अर्ज कशाला करतात?"

तयारी नाही, हे शब्द मला लागले. टिपण माझ्या हातात होते आणि पहिला मुद्दा जिभेवर होता. मी तोंड उघडलेही. मग तो वकील खाली बसला, आणि मी म्हणालो, "आत गिऱ्हाइकांच्या गाड्या आहेत. काहींची इंजिने खोललेली आहेत. कुलूप लागले तर केवळ वादी नाही, ज्यांचा या वादाशी संबंध नाही ते लोकही अडकतील."

न्यायाधीशांनी समोरच्या वकिलाकडे पाहिले. "पुढच्या तारखेपर्यंत थांबायला तुमच्या अशिलाला अडचण काय आहे?" जैसे थेचा हुकूम झाला, आणि मी बाहेर व्हरांड्यात आलो. मी मुद्द्यांवर मुद्दे रचत बसलो असतो आणि ती ओळ येईपर्यंत न्यायाधीशांचे लक्ष उडाले असते. तिने पाहिले त्यापेक्षा कितीतरी बारकाईने ते प्रकरण मी पाहिले होते. पण त्यातले काय उचलायचे ते तिला पुण्यातून, साक्षीदार समोर उभा असताना, कळले. हे तिला मी शिकवलेले नाही. माझ्या कोणत्याही तक्त्यात ते नव्हते. सत्काराचा, गाडीचा, दृष्ट काढणाऱ्या आईचा हेवा मी आजवर केला, तो वरवरचा होता. खरा हेवा मला त्या व्हरांड्यात वाटला.

माझा विद्यार्थी धावत बाहेर आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "सर! काय बोललात राव! समोरच्याची बोलतीच बंद!" आणि लगेच त्याने खिशातून फोन काढला. "मॅडम, झालं! व्हय, व्हय. तुमच्यामुळं झालं मॅडम. सर? हायत की, हितंच उभे हायत. एकदम भारी बोलले." मी तिथे उभा होतो आणि ते सगळे ऐकत होतो.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "सर, एक विचारू? राग नका मानू. पुढच्या तारखेला तुमी येणार का मॅडम?"

मला पाहिजे ते उत्तर देता यावे, असाच हा प्रश्न होता. मी 'मी' म्हणालो असतो तरी त्याने मान डोलावली असती. शिक्षकाला तो कधी नाही म्हणाला नाही. पण पुढच्या तारखेला पूर्ण युक्तिवाद होता. तो कोणी करावा हे मला नुकतेच कळले होते.

"मॅडम," मी म्हणालो. "मी मागे बसेन."

त्याच्या खांद्यांवरचे ओझे उतरल्याचे मला स्पष्ट दिसले. तास रद्द झाल्याचे सांगितल्यावर वर्गातली मुले जशी बाकावर सैल पडतात, तसा तो भिंतीला टेकला. ते त्याला लपवता आले नाही, आणि मी ते अजून त्याला माफ केलेले नाही.