सोनं गोरं करणारा

नेरच्या बाजारात तो गोरं करणारं मलम विकायचा. स्वतः चांगला काळाभोर, पण ऐट नवरदेवाची. "आठ दिसांत सासू सुनेले ओळखनार नाही!" असं तो ओरडला की बाया खिदळायच्या.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तिचा सावळा रंग तिच्यापेक्षा मलाच जास्त खुपत होता, हे लिहितानाही लाज वाटते. मी डबी उचलली. त्यानं कडुलिंबाच्या काडीनं मलम माझ्या बोटावर लावलं आणि मला चोळायला सांगितलं. चोळता चोळता माझी सोन्याची अंगठी चांदीसारखी पांढरी पडली.

"अरे, हे काय झालं?"

"पाहा साहेब, सोनंबी गोरं झालं! मंग पोरगी कायले मांगं राहीन?"

शेजारी उभी असलेली तांड्यावरची बाई पोट धरून हसली. "अन् तू काडीनं काहून लावतं रे? बोटं नाहीत काय तुले?"

तो पहिल्यांदाच गडबडला. काडी समोरच्या पळसाच्या पानाला पुसत म्हणाला, "मले याच हातानं जेवा लागते न, बाई."

म्हणजे मलमात पारा होता. त्यानं आपला हात जपला होता, आणि मी मुलीचं तोंड पुढं करायला निघालो होतो. मी डबी खाली ठेवली.

"घ्या न साहेब," तो कळवळून म्हणाला, "काडी फुकट देतो."