उद्यानासाठी आरक्षित

तांब्यातलं पाणी साहेबांनी मला जीपच्या रेडिएटरमध्ये ओतायला लावलं. पाणी माझ्या मायनं आणलं होतं. भर उन्हात, वस्तीवरून, चालत. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही, त्यातलं राखून ठेवलेलं पाणी. साहेबांनी आधी हात पुढं केला होता, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "कुठल्या घरचं?" मायनं भोळेपणानं वस्तीकडं बोट केलं. निळा झेंडा लांबून दिसत होता. साहेबांचा हात मागं गेला.

"असू दे," ते म्हणाले. "गाडी तापलीय. गाडीत ओता."

मी ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत.

ती माझी माय आहे हे मी सांगितलं नाही. आणि तिनंही ओळख दाखवली नाही. मी जीपमधून उतरलो तेव्हाच माझं तोंड बघून तिला सगळं कळलं असणार. रिकामा तांब्या घ्यायला तिनं हात पुढं केला आणि मला म्हणाली, "द्या, साहेब."

पोटच्या पोराला साहेब.

जिल्हा तेव्हा नवा होता. कालपर्यंत तालुक्याचं असलेलं गाव, एकदम कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, जागा पुरेनात. वर दुष्काळ. शहराची हद्द वाढली आणि विकास आराखडा करा म्हणून हुकूम निघाला. कुठं शाळा, कुठं बाजार, कुठं बगीचा, सगळं पुढच्या वीस वर्षांसाठी कागदावर ठरवायचं. मी त्या ऑफिसात अनुरेखक होतो, म्हणजे नकाशे गिरवणारा. नांदेडला वसतिगृहात राहून आयटीआय केलेलं. कागदोपत्री पत्ता मुखेडच्या मामाचा, म्हणून ऑफिसात मला मुखेडकडचा समजत. कोट्यातला आहे हे माहीत होतंच. त्याची आठवण रोज कुणी ना कुणी करून द्यायचं, चहाबरोबर.

पण हद्दवाढीत आलेली नांदेड रस्त्यावरची वस्ती माझी आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. आम्ही गायरान कसत होतो. हेडक्लार्क एकदा सहज बोलला होता, सरकारी जागेवर ज्याच्या घरच्यांचं अतिक्रमण, त्याची नोकरी जाते. खरं का खोटं, मी कधी तपासलं नाही. भ्यालो. घरात पहिली नोकरी माझी.

त्या गायरानाचं सांगतो. धम्म घेतल्यावर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावकीची कामं सोडली. गावानं मग मजुरी बंद केली. तेव्हा बारा घरांनी मिळून हे माळरान फोडलं. आज्यानं दगड वेचले, बापानं वेचले, बाप गेल्यावर मायनं. बांधाला रचलेले दगड माणसाच्या कमरेएवढे होते. पाऊस बरा झाला की ज्वारी व्हायची, थोडी तूर. पट्टा मागून मागून चपला झिजल्या, सातबारा कधी निघाला नाही.

त्या दिवशी जीप आली ती पाहणीला. आराखडा करायच्या आधी कुठली जमीन आज कशाला वापरतात ते बघून नकाशावर रंग भरायचे असतात. घरं पिवळी, शेती फिकट हिरवी, पडीक असेल ते कोरं. साहेब जीपला टेकून उभे राहिले, मी नकाशा धरला. रस्त्याच्या त्या बाजूला पाटलाचं रान, या बाजूला आमचं. दोन्हीकडं नुसती धूळ. त्या साली कुणाचंच काही उगवलं नव्हतं. साहेबांनी पाटलाच्या रानाकडं बघून 'शेती' लिहायला सांगितलं. मग वळून विचारलं, "आणि इथं काय आहे?"

माय बांधावर उभी होती. तांब्या पदराखाली.

मी म्हणालो, "काही नाही, साहेब. पडीक आहे."

संध्याकाळी घरी गेलो तर माय भाकरी करत होती. वर न बघता म्हणाली, "म्या वळख दाखिवली न्हाई. बरं केलं ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मंग जेव." लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं मला आजही सहन होत नाही.

पुढं काही महिन्यांनी आराखडा गिरवायचं कापड माझ्याच टेबलावर आलं. शहराच्या त्या बाजूला एक मोठा बगीचा हवा होता. साहेबांनी पेन्सिल पाटलाच्या रानावरून उचलली आणि आमच्यावर ठेवली. "खाजगी जमीन घ्यायची म्हणजे संपादन, मोबदला, कोर्ट," ते समजावून सांगत होते, मला शिकवत होते. "ही सरकारी. वर पडीक. कुणाला विचारायचं नाही." मी माझ्या हातानं हद्द आखली. आत लिहिलं, उद्यानासाठी आरक्षित. माझं अक्षर चांगलं होतं, साहेब नेहमी म्हणायचे. मग प्रती निघाल्या आणि आमच्या बारा घरांच्या रानावर गडद हिरवा रंगही मीच भरला.

आराखडा जाहीर झाला. हरकती दोन महिन्यांत द्यायच्या होत्या. नकाशे नगरपालिकेच्या भिंतीवर लावले, पण भिंतीवरचा नकाशा वस्तीतल्या कुणाला वाचता येणार? मला येत होता. मी वस्तीत सांगितलं. रंग मी भरला हे नाही सांगितलं. हरकतीचा अर्ज मीच लिहिला आणि शेजारच्या पोरीकडून नक्कल करून घेतली. माझं अक्षर ऑफिसात ओळखतील म्हणून. एवढा मी शूर.

सुनावणीच्या दिवशी समिती टेबलामागं, साहेब बाजूला, मी खाली नोंदवही घेऊन. बारा घरची माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. त्या वर्षी पाऊस झाला होता, रानात ज्वारी छातीला लागली होती. मायनं कणसं असलेली दोन ताटं उपटून आणली होती. पुरावा म्हणून. ती टेबलावर ठेवायला गेली तर शिपायानं काढून दाराबाहेर ठेवली.

साहेब म्हणाले, पाहणी आम्ही स्वतः केली, तिथं एक काडी नव्हती.

माय म्हणाली, "त्या साली कुनाच्या रानात काडी व्हती, साहेब?"

समितीतले काहीजण हसले. एक मेंबर, चांगला शिकलेला, जिव्हाळ्यानं बोलावं तसा बोलला, "बाई, बगीचा काय आमच्यासाठी आहे का? तुमचीच लेकरं खेळतील. आणि झाडांना पाणी घालायला बायका लागतीलच की. तुम्हालाच घेऊ."

पुन्हा हसले. मी मान वर केली. आमची वीस-बावीस माणसं समोर उभी होती आणि त्यातलं एकही माझ्याकडं बघत नव्हतं. माझा चुलता छताकडं बघत होता. शेजारची पोरगी पायाच्या बोटांकडं. माझी नोकरी टिकावी म्हणून सगळी वस्ती मला अनोळखी समजून उभी होती. स्वतःची जमीन जात असताना. तिथं माझ्या आतलं काहीतरी मोडलं. राग आला, पण मेंबरचा आधी नाही. माझा.

मी उठलो.

"पाहणीत तिथं काही नाही असं मी सांगितलं. ते खोटं होतं. ही माझी माय. ती जमीन आम्ही कसतो."

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. निदान आरडाओरडा. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढची हरकत घ्या." मला खाली बसून ती पुढची हरकत नोंदवावी लागली. दुकानाच्या ओट्याची होती. त्यांचं त्यांना मिळालं. आमची फेटाळली, कारण एका शब्दात लिहिलं होतं: अतिक्रमण.

चार दिवसांनी मेमो आला. पाहणीच्या वेळी खोटी माहिती का दिली, खुलासा करा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पहिल्यांदाच बसायला सांगितलं. लिहून दे, म्हणाले, की आई समोर बघून भावनेच्या भरात बोललो, पाहणी बरोबरच होती. मेमो मी फाडून टाकतो. ते मनापासून सांगत होते. मला वाचवायला बघत होते, हेही खोटं नाही. घरी मायसुद्धा म्हणाली, "लिहून दे बाबा. जमीन तर गेलीच. नोकरी कशाला घालवतो?"

तिचंही बरोबर होतं. एक कागद लिहायचा होता फक्त.

मी लिहिला. माझ्या अक्षरात, नक्कल न करता. मी, अमुक तमुक, पूर्ण नाव, आडनावासकट. पाहणीच्या दिवशी या जमिनीवर बारा घरांची शेती होती. दुष्काळामुळं पीक नव्हतं, तसं ते समोरच्या खाजगी जमिनीतही नव्हतं. ती शेती लिहिली, ही पडीक लिहिली. नोकरी जाईल या भीतीनं मी खोटं बोललो. त्या बारा घरांतलं एक घर माझं आहे. खाली सही. कागद आवक विभागात दिला आणि त्यावर नंबर पडेपर्यंत खिडकीसमोरून हललो नाही. नंबर नसलेला कागद सरकारात नसतोच, हे मी तिथंच शिकलो होतो.

दुसऱ्या महिन्यात माझी बदली झाली. बढती थांबली ती थांबलीच. आरक्षण उठलं नाही. कुंपणाच्या खुणेचे दगड आमच्या रानात पुरलेत. बगीचा अजून झालेला नाही, पण उद्याही जेसीबी येऊ शकतो, आणि आला तर त्याला थांबवणारा एकही कागद आमच्याकडं नाही. माझा कागद फाईलमध्ये आहे. त्यानं जमीन एक तासही वाचणार नाही, हे मला कळतं.

तरी दर मृगाला मी रजा टाकतो आणि पेरायला जातो. रजेच्या अर्जात कारण लिहितो: शेतीकाम. कुठल्या जमिनीवर, तेही लिहितो. पेरणी रस्त्याच्या कडेनं सुरू करतो, दिवसाढवळ्या. उठवायचं तर उठवा. पण त्या दिवशी पंचनाम्यात पहिलं नाव माझं लिहावं लागेल, आणि ते मी स्वतः सांगणार आहे.