नगरपालिकेचा उपास

बाजाराला येणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी का पीत नाही, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? पडला नसेल. तिला तहानच लागत नाही, असं तुम्ही धरून चालला असाल.

माझी आई अशीच बाई. दर बुधवारी मेथी-चुक्याची पाटी घेऊन ती शहरात जायची. बैलगाडीवरून पडून तिचा एक गुडघा कायमचा आखडलेला, म्हणून काठी तिच्या हातात आणि पाटी माझ्या डोक्यावर. शहराचं नाव सांगत नाही. बिदर-गुलबर्ग्याच्या पट्ट्यात आहे, एवढं पुरे. एकाच नगरपालिकेला मान दिला तर बाकीच्या रुसतील.

आमच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा आईनं सगळे उपास सोडले. सोमवार सोडला, एकादशी सोडली, नवरात्रही सोडलं. आमच्याकडे पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. त्यांतलं जे वाचून दाखवलं ते तिनं खरं मानलं आणि पाळलं. एकच उपास तिला सोडता आला नाही. बुधवारी पहाटे चहाचा घोट घेतला की ती कप उपडा घालायची, आणि परत घराच्या उंबऱ्यात पाय पडेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. शहरात बाईला आडोशाला बसायला जागाच नव्हती, तर काय करणार? गावातल्या साऱ्या बाजारकरणी हे पाळायच्या. त्याला नावही होतं : नगरपालिकेचा उपास. ह्यात भाकरी चालते, पाणी चालत नाही. इतर उपासांचं फळ मिळतं की नाही कोण जाणे, ह्याचं नक्की मिळतं. आईला मूतखडा मिळाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या. "पाणी प्या, भरपूर प्या."

"पिते की बाई," आई म्हणाली. "पर बुधवारी प्यालेलं सोडायचं कुठं, तेबी कागदावर लिवून द्या."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोळ्या लिहून दिल्या.

पुरुषांची अडचण नव्हती. पुरुषांना भिंत असते. 'येथे लघवी करू नये' असं शहरातल्या भिंतींवर कन्नड, मराठी, उर्दू असं तिन्ही भाषांत लिहिलेलं असायचं, आणि तिन्ही भाषा जाणणारे विद्वान नेमके तिथंच उभे असायचे.

मग एकदा नगरपालिकेला बायकांची दया आली. बाजाराच्या कोपऱ्यावर बायकांसाठी संडास उठला. शहाबादी फरशी, हिरवा रंग, दारावर पुढाऱ्याच्या नावाची कोरीव पाटी. जोतं एवढं उंच की लांबून नवं देऊळच वाटावं. चढायला सात पायऱ्या, धरायला कठडा नाही. उद्घाटनाला आंब्याची पानं बांधली, नारळ फोडला, फीत कापली, आणि घाण होऊ नये म्हणून त्याच दिवशी कुलूप लावलं. खरंच घाण झाली नाही. इतका स्वच्छ संडास मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

चावी साहेबांकडे आणि साहेब मिटिंगला. शिपाई म्हणायचा, "अम्मा, आज नको, परसूं आव."

"आरं अण्णा, परसूंपतुर कसं धरून बसू?" आई विचारायची.

एका बुधवारी परतताना आईला बसमध्ये कळ आली. रिकामी पाटी पोटाशी दाबून ती घर येईपर्यंत विव्हळत राहिली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या आधी सरळ सांगितलं, असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल.

मी पत्रक लिहिलं. त्यात शोषण होतं, व्यवस्था होती, जाहीर धिक्कारही होता. आईनं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पर ह्यात मुतायचं कुठं हाय?"

बाजारात आमच्या शेजारी दुबलगुंडी गावाकडची एक म्हातारी मिरच्या घेऊन बसायची. ती खो-खो हसली. "कागद कामून वाटायलीस गं? हाफिसात जाऊन उपास सोडू की!"

पुढच्या बुधवारी आम्ही बाजारकरणी भरलेले तांबे घेऊन नगरपालिकेच्या ओसरीत जाऊन बसलो. एरवी आमच्या तांब्याला हात न लावणाऱ्याही आल्या होत्या, आपापला तांब्या घेऊन. क्रांतीलाही भांडी वेगळी लागतात. सगळ्या घटाघटा पाणी प्याल्या.

साहेब बाहेर आले. आज मिटिंग नव्हती वाटतं. "अक्का, काय चाललंय हे?"

"उपास सोडायलोत साहेब," आई म्हणाली. "आता घटकाभरानं तुमचा संडास लागंल. कुठशीक हाय?"

साहेबांचा संडास तळमजल्यावर, पायऱ्या नसलेला. बायकांच्या संडासाची चावी तत्काळ सापडली. साहेबांच्या खिशातच होती.

कुलूप निघालं. बायका एकेक करून वर गेल्या. आई पहिल्या पायरीपाशी काठी टेकून उभी राहिली. गुडघा वाकेना. दोघी तिला उचलायला सरसावल्या.

"मला काय पालखीत बसवून मुतायला न्यायलाव का? सोडा!"

तांब्याभर पाणी पोटात घेऊन ती बसस्टँडमागच्या बाभळीत गेली. मी लुगड्याचा आडोसा धरला. समोरच्या पानपट्टीवरच्यांनी आमच्याकडे नगरपालिकेपेक्षा पुष्कळ जास्त लक्ष दिलं.

पायऱ्यांशेजारी उतार करा, असं मी इंजिनियरसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "उतारानं इमारतीची शोभा जाते." तेव्हा पुढच्या बुधवारी आम्ही प्रत्येकीनं गावाहून एकेक पाटी मुरूम आणला, पायऱ्यांवर ओतला, पाणी मारून चोपला. आई काठी टेकत चढली, आत गेली, बाहेर आली आणि म्हातारीला म्हणाली, "आण गं तुझा तांब्या." बाजारात बसून तिला पाणी पिताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दोन दिवसांत नगरपालिकेनं तो मुरूम अतिक्रमण म्हणून उचलून नेला. ज्या बाजारात सडकी भाजी महिनोन्‌महिने पडून असते, तिथं एवढी तत्परता! आम्ही पुन्हा टाकला. त्यांनी पुन्हा उचलला. हे लिहितेय तोवर असंच चाललंय. उतार शाबूत असेल त्या बुधवारी आई पाणी पिते. नसेल त्या बुधवारी कप उपडा.

तुमच्या शहरातही असं एखादं देऊळ असेल. येत्या बाजारी तिथं जाऊन या. कुलूप दिसलं तर भरला तांब्या घेऊन कचेरीच्या ओसरीत बसा. पायऱ्या दिसल्या तर एक पाटी मुरूम नेऊन ओता. ते उचलतील. तुम्ही परत ओता.